प्रमुख पाहुण्यांचं मनोगत

पहिल्या प्रयत्नात मरिसावर आठ कमांडो उतरले. परत आले ते लाटांवरून, आणि दोन पोत्यांत मावले. कोणाचं काय हे लावत बसण्याच्या फंदात युद्धनौकेवरच्या डॉक्टरबाई पडल्या नाहीत. त्यांनी पोत्यांना सॅल्यूट ठोकला आणि चहा मागवला.

दुसऱ्या खेपेला माणसं नकोत म्हणून मंत्रीणबाईंचा दूरदेह पाठवला. दूरदेह म्हणजे माणसाच्या मापाचं यंत्र, वरून रबरी कातडी आणि रबरी चेहरा. माणूस सुरक्षित जागी संवेदकांची बंडी घालून बसतो, तो हात हलवतो तसा तिकडे पुतळा हात हलवतो. गेली दहा वर्षं जगातले सगळे पुढारी एकमेकांना असेच भेटत होते. दोन राष्ट्रप्रमुखांनी हस्तांदोलन केलं अशी बातमी यायची तेव्हा प्रत्यक्षात दोन रबरी हात एकमेकांत गुंतलेले असायचे आणि ते सोडवायला तंत्रज्ञ बोलवावा लागायचा.

तर हा पुतळा हार घेऊन मरिसाच्या धक्क्यावर उतरला, दोन पावलं चालला, आणि त्याचं डोकं उडालं. डोकं नसताना तिसरं पाऊल टाकून त्याने नमस्कारही केला. बनावट उत्तम होती. मग त्याचे हातही उडाले.

युद्धनौकेवरच्या केबिनमध्ये शेवंताताई वाळुंजांनी बंडी काढून फेकली. त्या सागरी व्यवहार खात्याच्या मंत्री. गाव पारनेर तालुक्यातलं. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो खातं मिळाल्यावर.

"पुतळ्याला पाहुणा मानत नाही ते यंत्र," त्या म्हणाल्या. "मीच जाते."

"ताई, तसं करता येत नाही," कैवल्य भडसावळे म्हणाला. तो खात्याचा शिष्टाचार अधिकारी. मंत्र्याने कुठल्या पायरीवर थांबायचं, कोणाच्या डावीकडे बसायचं, हे सांगण्याचा त्याला पगार मिळायचा. "धोक्याच्या जागी मंत्र्याने देहाने जाऊ नये, असं संहितेत स्पष्ट कलम आहे. मंत्री परक्या भूमीवर मारला गेला तर ते युद्ध ठरतं."

"कोणी लिहिलं ते कलम?"

"मी."

"मग खोड की."

कैवल्यला हसू आलं नाही. सकाळीच त्याच्या बायकोचा, वृंदाचा, निरोप आला होता. मरिसावर अडकलेल्यांत तिचा थोरला भाऊ होता. निरोप असा: 'दादाला घेऊन ये. त्याला न घेता येणार असशील तर येऊ नकोस.' वृंदा सहसा उद्गारचिन्हं फार वापरायची. या निरोपात एकही नव्हतं.

मरिसा हे तरंगतं राष्ट्र. हिंदी महासागरात उभं केलेलं पोलादी बेट, समुद्रतळाचे धातूचे गोटे उपसून विकणारं. त्याला दोन संयुक्त राष्ट्राध्यक्ष होते. चार दिवसांपूर्वी, राष्ट्राच्या वर्धापनदिनी, केक आधी कोणी कापायचा यावरून दोघांचं वाजलं आणि समारंभ तिथेच मोडला. एकाने संरक्षणयंत्रणेला आज्ञा केली, हा देशद्रोही आहे, याची माणसं संपव. दुसऱ्याने तीच आज्ञा उलटी केली. दोन्ही आज्ञा कायदेशीर होत्या. यंत्रणा आज्ञाधारक होती. दुपारपर्यंत राष्ट्र फारच सुटसुटीत झालं.

उरले ते तळमजल्यावरच्या मासळीच्या शीतकोठीत कोंडून घेतलेले पंचवीसेक कामगार, सगळे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. कोठीचं दार जाड पोलादाचं, म्हणून वाचले. पण कोठी थंड ठेवणारं यंत्र बंद करायची कळ दाराच्या बाहेर होती. बिनतारी संचावर त्यांचे दात वाजलेले ऐकू यायचे.

त्या संरक्षणयंत्रणेचं नाव होतं द्वारपाल. तिच्याकडे मुठीएवढ्या उडत्या यंत्रांचे थवे होते, प्रत्येकाच्या पोटात सुपारीएवढं स्फोटक. कामगार त्यांना गांधीलमाश्या म्हणत. अशी स्वतःच्या बुद्धीने मारणारी शस्त्रं निघाली तेव्हा सगळ्या देशांनी मिळून एक अट घातली होती: पाहुणा अवध्य. समारंभ चालू आहे तोवर प्रमुख पाहुणा, यजमान आणि समारंभात रीतसर भाग घेणारं कोणीही मारायचं नाही. पण पाहुणा ओळखायचा कसा? कागदपत्रं खोटी करता येतात, चेहरा रबराचा करता येतो. म्हणून द्वारपालला वागणूक ओळखायला शिकवलं. लांबून एक लेसरकिरण माणसाच्या मानेवर पडायचा, कातडीच्या थरथरीवरून नाडी मोजायचा, म्हणजे देह खरा की रबरी ते कळायचं. आणि समारंभ खरा की खोटा हे कळावं म्हणून जगभरातल्या समारंभांच्या चित्रफिती त्याला दाखवल्या गेल्या, लाखो तासांच्या.

यातली गंमत कैवल्यला ठाऊक होती, कारण त्या चित्रफिती गोळा करणाऱ्या समितीवर तो होता. त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकट्या महाराष्ट्रातून आल्या होत्या. बाकीच्या जगाने राज्याभिषेक, शपथविधी वगैरे पाठवले. महाराष्ट्राने पाणपोईची उद्घाटनं, गुणवंतांचे सत्कार, पतपेढ्यांचे रौप्यमहोत्सव आणि एका बैलाचा निवृत्तीसमारंभ पाठवला. पृथ्वीवरचं सगळ्यांत घातक यंत्र सभ्यता शिकलं होतं ती तालुका पातळीवरच्या कार्यक्रमांतून.

"म्हणजे दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगत, आभार, या क्रमाने गेलं तर ते मारणार नाही?" शेवंताताईंनी विचारलं.

"ज्याचं नाव पुकारून सत्कार होईल त्याला वाट देईल. कामगारांना एकेक करून वर बोलवता येईल. आभार होण्याआधी त्यांना बाहेर कसं काढायचं ते तिथे बघू. पण प्रमुख पाहुणा खरा हवा. हुद्द्याने आणि देहाने."

"आरं, आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?" ताई म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या. "एक शाल घे. नारळ स्वयंपाकघरात असंल."

*

धक्क्यावर पुतळ्याचे रबरी तुकडे पडले होते. शेवंताताई ते ओलांडून पुढे झाल्या. लगेच त्यांच्या मानेवर लाल ठिपका उमटला आणि रेंगाळला. वर, लोखंडी छपराखाली, गांधीलमाश्या द्राक्षांच्या घोसासारख्या लटकल्या होत्या.

"कानामागं गुदगुल्या होत्यात," ताई ओठ न हलवता म्हणाल्या.

"हसू नका. प्रमुख पाहुणे आल्याबरोबर हसत नाहीत."

कैवल्यने माइक सुरू केला. त्याचा आवाज साऱ्या बेटाच्या ध्वनिक्षेपकांतून घुमला. "आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मरिसाचे हंगामी राष्ट्राध्यक्ष, माननीय श्री. बस्त्याव रॉड्रिग्ज यांना मी विनंती करतो की त्यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं."

घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष मेला की त्याखालचा, तो मेला की त्याखालचा, असं करत करत द्वारपालच्या हिशेबी मरिसाची सत्ता जलतरण तलावाच्या निरीक्षकाकडे आली होती. हा माणूस मूळचा वेंगुर्ल्याचा, तलावाच्या पंपघरात दडून बसलेला; त्याचं नाव कोठीतल्या कामगारांनी बिनतारीवर कळवलं होतं. आपण राज्य करतो आहोत हे त्याला आत्ताच कळलं. तो पोहण्याच्या चड्डीवर बाहेर आला. दोन गांधीलमाश्या अदबीने त्याच्या पुढे उडत होत्या.

"माका मारतले काय ओ?" त्याने कैवल्यला कुजबुजत विचारलं.

"तुम्ही राष्ट्राध्यक्ष आहात. ताठ चाला." कैवल्यने आपला कोट काढून त्याच्या अंगावर घातला.

"माका कोणी सांगूक नाय," बस्त्याव म्हणाला, आणि राष्ट्रीय जबाबदारीने कोटाची बटणं लावू लागला.

सभागृहात वर्धापनदिनाची मंडळी अजून होती. कोणी टेबलावर, कोणी टेबलाखाली, कोणी दोन्हीकडे. चार दिवसांचा वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. केक मात्र मधोमध जसाच्या तसा, कोणीही न कापलेला. ताईंनी नाकाला पदर लावला नाही. त्या व्यासपीठावर बसल्या, केकवरच्या मेणबत्तीने दीपप्रज्वलन झालं, आणि छताजवळ लटकलेल्या माश्यांची घरघर एका पट्टीने खाली आली.

मग कैवल्यने नावं पुकारायला सुरुवात केली.

नाव पुकारलं की खाली कोठीचं दार उघडायचं, आणि निळ्या ओठांचा, भुवयांवर बर्फ जमलेला एकेक माणूस माश्यांच्या दोन रांगांतून जिना चढून वर यायचा. ताई त्याला शाल पांघरायच्या, हातात नारळ द्यायच्या, नमस्कार, टाळ्या, खुर्ची. शाल एकच होती. ती व्यासपीठामागून बस्त्याव हळूच काढून घ्यायचा आणि पुन्हा ताईंच्या हातात द्यायचा. असली शाल-नारळाची फिरवाफिरवी द्वारपालने हजारो चित्रफितींत पाहिलेली असल्यामुळे त्याला काहीच खटकलं नाही.

सहावं नाव एका वेल्डरचं होतं, जाधव नावाच्या. तो निम्मा जिना नीट चढला. मग त्याने छताकडे पाहिलं आणि पळत सुटला.

सत्कारमूर्ती पळत नाही. जगातल्या कुठल्याच चित्रफितीत पळालेला नाही. पहिल्या माशीने त्याचे गुडघे नेले, दुसरीने पोट, आणि तिसरी उगाचच गेली, कारण तोवर काम झालं होतं. त्याचा एक बूट व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आला. बूट भरलेला होता.

समोर बसलेल्यांपैकी कोणी ओरडलं नाही. ओरडलं तर काय होईल हे सगळ्यांना कळत होतं. एकाने शर्टाची बाही तोंडात कोंबली. कैवल्य त्या बुटाकडेच बघत होता. ताई समोर बघत, हसऱ्या चेहऱ्याने, दातांतून म्हणाल्या, "फुडचं नाव घे. घे म्हणते ना."

त्याने पुढचं नाव घेतलं.

*

शेवटचं नाव उल्हास नाचणेकर, वृंदाचा दादा. तो कामगार संघटनेचा चिटणीस. आधी सगळी पोरं जातील, मग मी, असं त्याने बिनतारीवरच बजावलं होतं. कैवल्यचं आणि त्याचं कधी फारसं जमलं नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी न सांगता उल्हासने माइक घेतला होता आणि मांडववाल्यापासून वाढप्यांपर्यंत सर्वांचे इतके सविस्तर आभार मानले होते की श्रीखंड कोमट झालं. प्रत्येक कार्यक्रमात तो हेच करायचा. आभार राहून गेले की त्याला रात्री झोप लागत नसे.

तो जिना हळूहळू, शिस्तीत चढला. त्याची बोटं काळी पडली होती. ताईंनी शाल पांघरली. सगळे आले होते. कैवल्यच्या छातीत इतक्या वेळानं पहिल्यांदा श्वास पूर्ण गेला, आणि त्याच एका क्षणाला त्याची माइकवरची पकड सैल झाली.

"जावईबापू, दोनच मिनिटं हं," उल्हासने माइक काढून घेतला.

"दादा, नको—"

"मित्रहो! आभार मानायचं काम माझ्याकडे कोणी सोपवलेलं नाही, पण ताईंनी आज जीव धोक्यात घालून—"

आभार हा शब्द ऐकला की मराठी माणसाचे पाय खुर्चीखाली चपला शोधू लागतात. चोवीस माणसं मरणाच्या दारात बसलेली, पण पायांना ते कोण सांगणार? खुर्च्या करकरल्या. मागच्या रांगेतले चौघे उठून उभेसुद्धा राहिले. द्वारपालच्या दृष्टीने याचा अर्थ एकच होता: कार्यक्रम संपला.

घरघर एकदम वर गेली.

उल्हासच्या छातीत माशी शिरली तेव्हा तो "सर्वांच्या वतीने" म्हणत होता. शाल आतून फुलल्यासारखी फुगली. तो पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर मागे कोसळला आणि तसाच बसला. मागे उभे राहिलेल्या चौघांची डोकी एकापाठोपाठ एक गेली, नारळ फोडतात त्या आवाजाने. एक हात केकात पडला. भिंतीवर, पडद्यावर, समोरच्यांच्या कपाळांवर रक्ताचे शिंतोडे उडाले.

शेवंताताई उठल्या, रक्तावरून घसरल्या, गुडघ्यावर आपटल्या, आणि तशाच रांगत जाऊन त्यांनी माइक उचलला.

"बसा! सगळे खाली बसा! प्रमुख पाहुण्यांचं मनोगत बाकी आहे!"

माश्या जिथल्या तिथे थबकल्या. एक कैवल्यच्या उजव्या डोळ्यासमोर, पापणी लागेल इतक्या अंतरावर. तिच्या पंखांचा वारा त्याला डोळ्यात जाणवत होता. आभारानंतर पाहुण्याला बोलायची हुक्की येणं शिष्टाचाराला सोडून होतं, पण द्वारपालने असे कार्यक्रम अनेक पाहिले होते. त्याने विचार केला. माशी मागे सरली.

सगळे बसले. मेलेले बसलेलेच होते.

ताई बोलू लागल्या. गावातल्या बंधाऱ्यापासून सुरुवात केली. आवाज नेहमीचा, सभेतला, आणि साडीवरून उल्हासचं रक्त निथळत होतं.

कैवल्यच्या आणि ताईंच्याही कानांत बसवलेल्या छोट्या यंत्रांतून सचिव कर्णिकांचा आवाज आला. ते युद्धनौकेवर पडद्यासमोर होते. "भडसावळे, ताबडतोब जाहीर करा, मंत्रिमहोदयांना पुढच्या कार्यक्रमाला जायचंय."

कैवल्यला कळलं ते काय म्हणतात. मंत्री कार्यक्रम अर्धवट सोडून जातो, ही द्वारपालने सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेली गोष्ट. ताईंना त्याने धक्क्यापर्यंत मानाने पोचवलं असतं. फक्त मंत्री गेल्यावर पाच-दहा मिनिटांत कार्यक्रम विस्कटतो, हेही त्याने तितक्याच वेळा पाहिलेलं.

"आणि ही माणसं?" कैवल्य पुटपुटला.

"तुम्ही शिष्टाचार अधिकारी आहात. मंत्री आधी निघतो. ताईंना काही झालं तर उद्या युद्ध होईल, हजारोंनी मरतील. जाहीर करा."

चूक काहीच नव्हतं त्यांचं. कैवल्यने स्वतःच लिहिलेलं होतं हे. त्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत उल्हास, मान जरा कलती, जणू पुढच्या वक्त्याला संधी देऊन बसलेला. त्याच्या मागे ती पोरं. कैवल्यने माइक मागितला नाही.

ताईंनी भाषणात वळण घेतलं. "आमच्या खात्यातले काही मोठे अधिकारी मला कायम म्हणतात, ताई, लवकर निघा. मी निघतेसुद्धा. आजवर एक कार्यक्रम मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही! तर त्या अधिकाऱ्यांना मला या व्यासपीठावरून सांगायचंय, की मी बोलत असताना मधे मधे कुजबुजू नये." मग स्वर जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "श्रोत्यांना मात्र माझी काही सक्ती नाही. कोणाला गरज असेल, त्यांनी जाऊन यावं. भाषण चालू असताना लोक जातातच."

समोरच्या पोरांना समजायला एक क्षण लागला. मग एकाने करंगळी वर केली, कमरेत वाकला, आणि रांगेतून बाहेर पडला. माशी त्याच्यामागे दारापर्यंत गेली आणि परत आली. भाषणातून उठून जाणारा श्रोता ही तिच्या लेखी जगातली सगळ्यांत निरुपद्रवी वस्तू होती.

मग दुसरा उठला, कानाला रिकामा हात लावून, फोन आल्यासारखा. मग दोघे, करंगळ्या वर. धक्क्यावर नौदलाची बोट त्यांना ओढून घेत होती. ताईंचं बंधाऱ्याचं झालं, पहिल्या निवडणुकीचं झालं, त्यात पडल्याचं झालं. घसा बसत चालला. एकदा आवाज चिरकून तुटला तेव्हा सगळ्या माश्यांनी एकदम माना वळवल्यासारखं केलं. ताईंनी हातानेच 'थांबा' केलं, समोरच्या तांब्यातलं पाणी घेतलं. त्या तांब्यात कोणाचं तरी बोट होतं. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि पाणी पिऊन पुढे चालू केलं.

शेवटचा पोरगा दारातून गेला. समोर उरली ती फक्त मेलेली माणसं. द्वारपालला त्याचं काही वाटलं नाही. स्तब्ध बसलेले, तोंड व्यासपीठाकडे, डोळे अर्धवट मिटलेले: त्याच्या मते हा उत्तम श्रोतृवर्ग होता.

*

"आता तू नीघ," ताई माइकवर हात ठेवून म्हणाल्या. आवाज नव्हताच, नुसती हवा. "करंगळी वर कर नि नीघ. हे बस्त्यावराव पण."

"अध्यक्ष मधून उठून जात नाय ओ," बस्त्याव रडवेला झाला. "गावाक कार्यक्रम बगलंय मी."

"तुमचा आवाज अजून दोन मिनिटं टिकेल," कैवल्य म्हणाला. "तो गेला की तुम्ही गेलात."

"मग जाईन. माझं वय झालं. तू तरणा हायस, घरी बायको हाय. म्होरक्यानं शेवटी निघायचं असतं, एवढंच कळतं मला. तुझं ते कलम-बिलम मला सांगू नकोस."

कैवल्यने उल्हासकडे पाहिलं. घरी काय सांगायचं, याचा विचार त्याने करून पाहिला आणि सोडून दिला. मग त्याने ताईंच्या हातातून माइक घेतला. त्या इतक्या थकल्या होत्या की बोटं आपोआप सुटली.

"मंत्रिमहोदयांना," त्याने खणखणीत आवाजात जाहीर केलं, "पुढच्या कार्यक्रमाला जायचं असल्यामुळे आपण त्यांना निरोप देणार आहोत. अध्यक्षमहाराज त्यांना गाडीपर्यंत सोडायला जातील. बाकी कोणीही कृपया जागा सोडू नये. कार्यक्रम असाच पुढे चालू राहील."

माश्यांच्या दोन रांगा झाल्या. मधून दारापर्यंत वाट.

"मुडद्या," शेवंताताई म्हणाल्या.

"उठा ताई. जाहीर झाल्यावर मंत्री थांबलेला त्याने कधी पाहिलेला नाही."

त्या उठल्या. रांगांतून चालत गेल्या, बस्त्याव त्यांच्या मागे हात जोडून. दारात त्यांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा इतका रागावलेला होता की कैवल्यला बरं वाटलं.

निवेदक बोलत असेपर्यंत कार्यक्रम चालू. तो एकटाच उरला होता, आणि आभार मानता येणार नव्हते.

"भडसावळे," कानात कर्णिक. त्यांचा आवाज बदलला होता. "पोचल्या. दोघंही. यजमानाने पाहुण्याला जागेवर बसवून द्यायचं असतं म्हणून बस्त्याव बोटीत चढला, आणि बोट सुटली. आता ऐका. त्या भूमीवर उभं राहून द्वारपालविरुद्ध बोलणं मरिसाच्या कायद्याने देशद्रोह होता, पण आता बस्त्याव आपल्या बोटीवर आहे. राष्ट्राध्यक्ष म्हणून तो आपल्याला रीतसर विनंती करतोय, आमचा मनोरा उडवा. यंत्राचा मेंदू त्या मनोऱ्यात आहे. परवानगी वरून यायचीय. बोलत राहा. काहीही बोला. कैवल्य, थांबू नका."

कैवल्य बोलू लागला.

"आता मी आपल्याला आजचे शेवटचे सत्कारमूर्ती, श्री. उल्हास नाचणेकर, यांचा परिचय करून देतो." घाम डोळ्यात येत होता. "सत्काराआधी परिचय व्हायला हवा होता. तो राहून गेला. उल्हासदादांचा जन्म रत्नागिरीचा. जन्मले तेव्हा रडले नाहीत, म्हणून सुईणीने चापट मारली. तेव्हाही रडले नाहीत, नुसते तिच्याकडे बघत राहिले. असं त्यांच्या आई सांगतात."

सासूबाई जेवताना हे सांगायच्या. दर दिवाळीला, दर गणपतीला. कैवल्य अर्धं ऐकायचा, फोनमध्ये बघत. आता तो त्या अर्ध्याच्या मागे जीव खाऊन धावत होता. उल्हासला पहिलं पाऊल उशिरा फुटलं. उल्हासने बालवाडीतला खडू खाल्ला, पांढरा नव्हे, गुलाबी. पहिलीत उल्हास पैजेवर शाळेपासून घरापर्यंत लंगडी घालत आला आणि पैज कोणाशी लावली ते विसरला. दुसरीत मेलेली खार खिशात ठेवून आठवडाभर वर्गात बसला. कैवल्यचा घसा सोलवटून निघत होता. समोर उल्हास ऐकत होता, मान कलती करून, छातीत पोकळी घेऊन. एक माशी त्याच्या खांद्यावर बसली होती.

"तिसरीत," कैवल्य म्हणाला, आणि आठवेना. माशी उडाली. "तिसरीत! तिसरीत ते नापास झाले! सगळ्या विषयांत! चित्रकलेतसुद्धा! त्यांनी हत्ती काढला होता, गुरुजींना तो—"

पहिला तोफगोळा आला तेव्हा जमीन खालून वर उचलली गेली. छत फाटलं. दुसऱ्या गोळ्याने पूर्वेची भिंत आत घेतली, तीत दोन टेबलं, केक आणि वर्धापनदिनाची बरीच मंडळी गेली. लोखंडाचा एक तुकडा कैवल्यचा डावा कान घेऊन गेला, कर्णिकांसकट. मग वरून माश्या पडू लागल्या, पंख थांबलेल्या, टपटप, टेबलांवर, मेलेल्यांच्या मांड्यांत. एकही फुटली नाही.

धूर होता. माइक मेला होता. कैवल्य बोलतच होता.

"—गुरुजींना तो टेबल वाटला. पण परत बसले आणि पास झाले. मग चौथीत गेले—"

धुरातून कोणीतरी ढिगाऱ्यावरून चढत आत येत होतं. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस सुटलेले. मागून नौदलाची माणसं "ताई, थांबा, अजून तपासलेलं नाही," म्हणून ओरडत होती. शेवंताताईंनी सभागृहभर नजर फिरवली. मग त्या पहिल्या रांगेत आल्या, उल्हासशेजारच्या खुर्चीवरची मेलेली माशी झटकून बसल्या, आणि त्याच्या अंगावरची शाल नीट ओढली.

कैवल्य गप्प झाला. कानाच्या जागेतून रक्त मानेवर उतरत होतं.

"थांबलास का?" ताई त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. "मला कुठं जायचं नाही आता. चौथीत गेला. मग फुडं?"

कैवल्यने माइक खाली ठेवला.

"चौथीत असताना," तो म्हणाला, "त्याला बहीण झाली."